शिवबाईअक्कांचा एकटा नकार

१

“ओतण्याआधी भांडं बघत जा, भुवनेश्वरी. भांडं बदललं की काहीतरी सांडतंच. काय सांडलं ते ज्याला ओळखता आलं, त्याला प्रोग्रॅमिंग आलं.”

महिपती सरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांचा हा आवाज भुवनेश्वरीबाईंच्या कानात रोज सकाळी उमटायचा. पूजा आटोपून, कपाळी विभूती लावून त्या सात रस्त्याजवळच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासचं कुलूप उघडत, फळा पुसत, आणि खडू हातात घेतला की सर बोलायला लागत.

त्या श्रावणी सोमवारी फळ्यावर चार भांडी काढलेली होती. एक पूर्ण आकड्यांचं, एक अपूर्णांकांचं, एक मजकुराचं, आणि चौथं अगदी चिमुकलं, खरं किंवा खोटं यापलीकडे काही न मावणारं. आकडे मजकुराच्या भांड्यात ओतले, तर पाच आणि सहा मिळून अकरा होत नाहीत, शेजारी शेजारी बसून छप्पन्न होतात, हे ऐकून मुलं खिदळत होती. तेवढ्यात दारात सुकन्या उभी राहिली. हातात बॅग, डोळे सुजलेले.

सुकन्या नातेपुत्याकडची, मेंढपाळाची लेक. वडील बिरप्पा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं असायचे. तीन वर्षांपूर्वी बाईंनीच शब्द टाकून तिची सोय पेठेतल्या मठात लावून दिली होती. वर मुलींच्या खोलीत राहायचं, खाली दासोहात जेवायचं आणि कॉलेज करायचं. आता शेवटचं वर्ष होतं.

“बाई, मी गावाकडं चालले,” ती म्हणाली. “पाच वाजता कमिटी बसणार हाय. मला काढायच्या आदी मीच जाते.”

बाईंनी मुलांना उदाहरणं सोडवायला दिली, सुकन्येला आत नेलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. हळूहळू सगळं बाहेर आलं.

मठाचा दासोह म्हणजे अन्नदानाचं स्वयंपाकघर. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या खेड्यापाड्यांतल्या नातेवाइकांना तिथे रोज दुपारी जेवण मिळायचं. त्यासाठी एकेचाळीस बायका पाळीपाळीने भाकऱ्या थापायच्या, काहीजणी तीस-तीस वर्षं. आता कमिटीच्या मनात होतं की हे काम बाहेरच्या केटररला द्यावं. पण बायकांना विचारल्याशिवाय नको, म्हणून घरोघर विचारणा झाली. ते काम सुकन्येकडे आलं. हातात टॅब घेऊन तिने एकेचाळीस घरं पालथी घातली. प्रश्न दोनच होते: काम बाहेर द्यायला तुमची संमती आहे का, आणि नसेल तर रोज किती तास देऊ शकाल.

शनिवारी संध्याकाळी निकाल लागला. आज सकाळी तो दासोहाच्या भिंतीवर चिकटवला गेला आणि चुलीपुढं भडका उडाला. चाळीस जणी ‘हो’. एकच ‘नाही’.

“सगळ्या बायका म्हणत्यात, आमी न्हाय म्हणालो, ह्या पोरीनं व्हय लिवलं. मंजुनाथकाकांनी पैसं चारलं म्हणं मला.” सुकन्येने तांब्या खाली ठेवला. “बाई, माझ्या ध्यानात हाय. तेहतीस जणी न्हाय म्हणाल्या, सात जणी व्हय. मी ज्याचं त्याचं बोलणं जसंच्या तसं टाईप केलं. मग चाळीस व्हय आलं कुटनं?”

बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. त्यांनी तिच्या हातातली बॅग काढून घेतली, पण ती ठेवली नाही. स्वतःच उचलली.

“चल,” त्या म्हणाल्या. “मठात. आणि पाच वाजेपर्यंत तुला कुणी काही म्हटलं, तर माझ्याकडे बघायचं, जमिनीकडे नाही.”

२

भुवनेश्वरीबाईंची एक जुनी सवय होती, तिला त्या नेम म्हणत. दिवसातून एका माणसाचं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकायचं. लोकांना वाटायचं, बाई भोळ्या आहेत. खरं तर कुणी अडवलं नाही की माणूस सांगायचं ते सांगून संपवतो आणि मग न सांगायचंही सांगून टाकतो.

आजचा नेम त्यांनी मंजुनाथवर खर्च केला. हे मठाचे सेक्रेटरी. चादरी-टॉवेलचं दुकान, ओठावर कायम सुपारी आणि जिभेवर कायम टोमणा.

“या, या, शरणु,” मठातल्या रीतीने नमस्कार करत त्यांनी स्वागत केलं. “वकील घेऊन आली का पोरगी?”

बाई खुर्चीवर बसल्या आणि गप्प राहिल्या. मंजुनाथ बोलत गेले. त्यांचं म्हणणं असं, की पोरीचं काही चुकलेलं नाही, बायकाच लबाड आहेत. घरात एकट्या असताना ‘हो’ म्हणाल्या, कारण कंटाळल्यात. आता चुलीपाशी चारजणींत आल्यावर ‘आम्ही कुठं म्हणालो’ करतायत. पण गोंधळ नको, म्हणून मुलीला खोली सोडायला सांगावं लागेल. मठाचं नाव राहिलं पाहिजे. बाई गप्पच. मग मंजुनाथांचा आवाज जरा उतरला. चैत्रात शिवबाईअक्कांचा हात तव्यावर पोळला, कोपरापर्यंत. त्र्याहत्तर वर्षांची बाई. ते बघवलं नाही. केटररचा विषय त्या दिवसापासून डोक्यात आहे. आणि हो, शनिवारी तासभर टॅब त्यांच्याकडेच होता, नुसता पाहायला घेतला होता, कुणी त्याचाही बोभाटा करेल.

हे कुणी विचारलं नव्हतं.

टेबलावर एक करार पडला होता, स्टँपपेपरवर टाईप केलेला. त्यावर केटररचं नाव होतं आणि सह्यांच्या जागा रिकाम्या होत्या. बाईंनी तो हातात न घेता वाचला, आणि त्यांची नजर वरच्या कोपऱ्यात अडली.

निकाल शनिवारी संध्याकाळी लागला होता. स्टँपपेपर शुक्रवारचा होता.

३

दासोहात चार चुली पेटलेल्या होत्या आणि त्यांच्याहून जास्त धनलक्ष्मी पेटली होती. ही चाळिशीची, सगळ्यात झपाझप भाकरी थापणारी आणि त्याच वेगाने बोलणारी. सुकन्येला पाहताच तिने परातीतलं पीठ असं आपटलं, की शेजारणीच्या साडीवर पांढरा ढग बसला.

“आली का, चाळीस व्हय लिहिणारी. मी दारात उभं राहून काय सांगितलं होतं गं तुला? मुळीच नको, माझ्या मेल्यावर द्या म्हणालते की.”

सुकन्या जमिनीकडे बघणार होती, पण तिने बाईंकडे पाहिलं. “मी तसंच लिवलं, काकू. ‘मुळीच नको, माझ्या मेल्यावर द्या.’ सगळं.”

बाईंनी भिंतीवरचा कागद काळजीपूर्वक वाचला. एकेचाळीस नावं, प्रत्येकापुढे संमती आणि तास. धनलक्ष्मीच्या नावापुढे ‘हो’ आणि ‘२’. बाईंनी सहज विचारलं, दोनच तास का सांगितले.

आणि तिथे धनलक्ष्मी दुसऱ्यांदा भडकली. दोन कसले, अडीच सांगितले होते. साडेदहाला येते, एकला जाते, सगळ्या पेठेला माहीत आहे. ह्या पोरीनं अर्धा तासही खाल्ला की. शेजारची म्हणाली, माझा दीड होता, एक लिहिलाय. तिसरी म्हणाली, माझेही साडेतीन होते. बाईंनी पेन काढलं आणि विचारत गेल्या. ज्यांनी तासात अर्धा सांगितला होता अशा सात जणी निघाल्या. सातही जणींचा अर्धा गेला होता. पूर्ण तास सांगणाऱ्यांचं मात्र एकही मिनिट इकडचं तिकडे झालं नव्हतं.

सुकन्या शपथेवर सांगत होती की तिने दोन टिंब पाच असंच टाकलं होतं.

बाईंचं पेन थांबलं. संमतीचा ‘नाही’ चोरून कुणाला काय मिळेल, हे कळण्यासारखं आहे. पण सात बायकांचा अर्धा-अर्धा तास चोरून कुणाला काय मिळणार? असला चोर कुठल्या कोर्टात सापडत नाही. असल्या चोराला त्या रोज फळ्यावर भेटत होत्या. छातीत काहीतरी टुणकन उडालं, पण त्यांनी ते पदरासारखं खोचून ठेवलं. अजून एक गाठ सुटत नव्हती.

“आणि हा एकटा ‘नाही’ कुणाचा?” त्यांनी विचारलं.

सगळ्या बायकांच्या माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या. तिथे पाटावर शिवबाईअक्का बसल्या होत्या. सकाळीच कुणीतरी त्यांच्या गळ्यात शेवंतीचा हार घातला होता. सगळ्या मठात एकटी बाई अशी, जिच्या नकाराला हात लावायची कुणाची छाती झाली नाही, असं धनलक्ष्मी अभिमानाने सांगत होती. अक्का मात्र हाराखाली अवघडून बसल्या होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि चुकून त्यांच्याकडे आला होता.

४

तेवढ्यात शिवकुमार आला. तो मंजुनाथांचा पुतण्या, पुण्याच्या कंपनीचं काम इथे घरी बसून करणारा. हा सर्व्हेचा प्रोग्रॅम त्याने सेवा म्हणून फुकट लिहून दिला होता. पायरीपाशी त्याने पांढरे शुभ्र बूट काढले, जोडीने नीट लावले आणि वर आला. महिपती सरांच्या शेवटच्या बॅचचा तो विद्यार्थी, त्यामुळे बाईंना वाकून नमस्कार केला, पण चेहरा घट्ट होता.

बाईंनी आधी सरळ विचारलं. उत्तरं पाठवल्यावर टॅबवरून कुणाला बदलता येतात का? शिवकुमार म्हणाला, नाही. बटण दाबलं की उत्तर लगेच इकडे येतं, टॅबमध्ये काही उरत नाही. मंजुनाथकाकांनी टॅब तासभर काय, आठवडाभर उशाशी घेतला असता तरी एक अक्षर हललं नसतं.

म्हणजे मंजुनाथ सुटले. स्टँपपेपर शुक्रवारचा का, हे विचारल्यावर मागे उभे असलेले मंजुनाथ खाकरले आणि शनिवारी स्टँपवाल्याचं दुकान बंद असतं म्हणून आधीच आणून ठेवला, असं म्हणाले. मग दोन क्षणांनी, बायका ‘हो’च म्हणतील असं मनाशी धरलं होतं, हेही म्हणाले. गुन्हा नव्हता तो, उतावीळपणा होता.

“आणि तुझ्याकडे आल्यावर?” बाईंनी शिवकुमारला विचारलं. “मूळ उत्तरं आहेत तशी ठेवलीस?”

“कशाला ठेवायची?” तो म्हणाला. “हो किंवा नाही, एवढंच लागणार होतं. आलेलं उत्तर बदलून घेतलं, बदललेलं ठेवलं. जागा वाया घालवायची नाही, असं सरच शिकवायचे.”

सरांनी आणखीही काही शिकवलं होतं. पण प्रोग्रॅम तपासला होतास का, एवढंच बाईंनी विचारलं.

शिवकुमारच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोनदा तपासलाय, तो म्हणाला. एक ‘हो’ची नोंद, एक ‘नाही’ची नोंद, दोन्ही बरोबर आल्या. सगळ्या बायका ऐकत होत्या आणि धनलक्ष्मी तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटली. त्यामुळे तो आणखी पेटला.

“मॅडम, चूक त्या मुलीच्या बोटांत आहे, माझ्या कोडमध्ये नाही. माझ्या कोडमध्ये निघाली, तर एकेचाळीस घरांचे उंबरे अनवाणी चढेन आणि प्रत्येकीला स्वतः विचारून येईन. या चुलीसमोर सांगतो.”

“चुलीसमोर सांगितलेलं चूल ऐकते हं,” धनलक्ष्मी म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या.

बाई हसल्या नाहीत. त्या कोपऱ्यात जाऊन शिवबाईअक्कांसमोर जमिनीवर बसल्या. घड्याळात साडेबारा वाजले होते.

५

अक्का पूर्ण श्रावण मौन पाळत. अमावास्येपर्यंत एक शब्द नाही. लिहून दाखवणंही नाही, कारण लिहिणं म्हणजे बोलणंच, असं त्यांचं मत होतं. पंचवीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता, आणि बाई तो मोडायला सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“अक्का,” त्या हळूच म्हणाल्या, “मी विचारते ते तुमच्या मताबद्दल नाही. मत तुमच्यापाशी राहू द्या. फक्त घडलं काय तेवढं बघायचंय. सुकन्या तुमच्या दारात आली, तेव्हा मौन सुरू झालं होतं?”

अक्कांनी मान हलवली. झालं होतं.

“तिने प्रश्न विचारला. मग तुम्ही मान हलवली? होकाराची, नकाराची?”

अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. मग तो पोळल्याच्या डागांचा हात पुढे केला, उताणा केला आणि रिकामा तळवा बाईंसमोर धरला. दुसऱ्या हाताने त्या नकळत मनगट चोळत होत्या.

रिकामा तळवा. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग मागे न वळता त्यांनी हाक मारली, “सुकन्या, अक्कांच्या नावापुढं तू काय टाईप केलंस?”

“काईच न्हाय, बाई,” सुकन्या म्हणाली. “त्या बोलल्याच न्हाईत. मग मी कसं लिवू? रिकामंच सोडलं आन् बटण दाबलं.”

स्वयंपाकघरात कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. भाकऱ्या उलटत होत्या, तवे तापत होते. पण सोमवारचा निर्जळी उपवास असलेल्या भुवनेश्वरीबाईंच्या अंगात एकदम असं बळ आलं, की त्या हाताचा आधार न घेता उठल्या.

एकेचाळीस जणींत जी काहीच बोलली नाही, तिचाच फक्त ‘नाही’ लागला होता.

“धनलक्ष्मी,” त्या म्हणाल्या, “मला तीन डबे दे. एकसारखे, झाकणाचे. आणि मंजुनाथकाका, कमिटीला वर नको, इथेच बोलवा. चुलीपुढे.”

६

पावणेपाचला कमिटीचे पाच जण जाजमावर बसले. मागे भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या; आज एकीनेही घर गाठलं नव्हतं. मध्ये तीन पितळी डबे. बाईंनी काय भरलंय ते कुणाला दाखवलं नव्हतं.

“आधी अर्ध्या तासांचं बघू,” त्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “सात जणींनी अडीच, दीड असे तास सांगितले. सातही जणींचा अर्धा नाहीसा झाला. सुकन्येने मुद्दाम केलं म्हणाल, तर तिला त्यातून काय मिळालं? मंजुनाथकाकांना काय मिळालं? कुणालाच काही नाही. जिथे कुणाचाच फायदा नाही, तिथे चोर माणूस नसतो. तिथे भांडं बदललेलं असतं. अडीच हा आकडा पूर्ण आकड्यांच्या भांड्यात ओतला. त्या भांड्यात अर्ध्याला जागाच नाही. वरचा अर्धा सांडला. कुणी सांडला नाही, सांडला.”

शिवकुमारने मान वर केली. त्याच्या कपाळावर पहिली आठी पडली होती.

“आता तेच संमतीच्या प्रश्नाचं. सुकन्येने बायकांचे शब्द टाकले. ‘न्हाय’, ‘नको’, ‘माझ्या मेल्यावर’. शिवकुमारला मात्र शब्द नको होते, खरं की खोटं एवढंच हवं होतं. म्हणून त्याने मजकूर त्या चिमुकल्या भांड्यात ओतला. आता त्या भांड्याची रीत बघा.” त्या मंजुनाथांकडे वळल्या. “काका, डबे न उघडता सांगा, कुठला भरलेला आणि कुठला रिकामा?”

मंजुनाथांनी डबे उचलून पाहिले. हा भरलेला, हाही भरलेला, हा रिकामा.

“ज्यात ज्वारी आहे तो कुठला?”

“ते उघडल्याशिवाय कसं कळणार?”

बाईंनी झाकणं काढली. पहिल्यात ज्वारी होती. दुसऱ्यात ज्वारीतून निवडलेले खडे. तिसरा रिकामा.

“यंत्रानेही उघडून पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. “मजकुराचं खरं-खोटं करताना ते एवढंच बघतं, की काही आहे की काहीच नाही. काहीही असलं, तर ‘खरं’. काहीच नसलं, तर ‘खोटं’. तुमची ज्वारीही भरलेली आणि तुमचे खडेही भरलेले. ‘हो’ म्हणालेल्या सात जणी आणि ‘नाही’ म्हणालेल्या तेहतीस, सगळ्यांच्या तोंडात शब्द होता. म्हणून चाळीस ‘हो’. आणि एक डबा रिकामा होता.”

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. अक्कांनी हळूच गळ्यातला हार काढला आणि मांडीवर ठेवला.

“हे सांगणं झालं,” मंजुनाथ म्हणाले. “दाखवा.”

सुकन्येने टॅब आणला. बाईंनी तो धनलक्ष्मीच्या हातात दिला. तिने पिठाचं बोट पुसलं, एकेक अक्षर हुडकत ‘नाही’ टाईप केलं आणि बटण दाबलं. शिवकुमारच्या लॅपटॉपवर नोंद उमटली. सुकन्येने ती मोठ्याने वाचली. “हो.”

बायकांत कुजबुज झाली. धनलक्ष्मीने ‘मुळीच नाही’ टाकलं. “हो.” मग तिने आपली मान एका बाजूला कलती केली, डोळे बारीक केले, आणि ‘शेंगाचटणी’ टाईप केलं.

“हो,” सुकन्या म्हणाली. आता तिच्या आवाजात रडू नव्हतं, हसू होतं, आणि ते आवरत नव्हतं.

“शेंगाचटणीची केटररला संमती आहे, कमिटीनं लिहून घ्या,” धनलक्ष्मी म्हणाली, आणि सगळं स्वयंपाकघर हसलं. कमिटीतले सगळ्यात वयस्क सदस्यही टोपी सरळ करायच्या निमित्ताने हसले.

शेवटी बाईंनी काहीच न टाकता बटण दाबायला सांगितलं. लॅपटॉपवर अक्षरं उमटली आणि कुणी वाचून दाखवायची गरज उरली नाही. ‘नाही.’

शिवकुमार स्क्रीनकडे बघत उभा होता. बाईंनी त्याला हलकेच विचारलं, तपासताना ‘नाही’ची नोंद कशी केली होतीस?

“रिकामी सोडून,” तो म्हणाला. “वाटलं, काही लिहिलं नाही म्हणजे नाहीच. टाईप करायचा कंटाळा केला, मॅडम. दोन अक्षरांचा.”

मग तो सुकन्येसमोर गेला. सगळ्यांदेखत, मोठ्याने, त्याने सांगितलं की बोटं हिची बरोबर होती, कोड त्याचा चुकला. सुकन्या गोंधळली. असू द्या की, म्हणाली, आणि पटकन बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

मंजुनाथांनी स्टँपपेपरची घडी घातली आणि खिशात ठेवली, फाडला मात्र नाही. पुन्हा विचारू, ते म्हणाले. नीट विचारू. मग जे येईल ते. मुलीच्या खोलीचा विषय संपला, हे त्यांनी कमिटीच्या वतीने सांगितलं. माफी मागणं त्यांच्या जिभेला माहीत नव्हतं, म्हणून सुकन्येकडे न बघता ते म्हणाले, वकिलीणबाईंची फी काय झाली तेवढं कळवा.

दाराशी पडलेली बॅग धनलक्ष्मीने उचलली. कुणाला काही न बोलता जिना चढून ती मुलींच्या खोलीत ठेवून आली, आणि खाली येऊन सुकन्येपुढं ताट मांडलं. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, हे धनलक्ष्मीच्या लक्षात होतं.

हसण्या-बोलण्याला ऊत आला. चहा चढला. बाईंचा उपवास होता म्हणून त्या पाटावर नुसत्याच बसल्या, अक्कांच्या शेजारी. अक्का अजूनही मनगट चोळत होत्या. अमावास्या संपल्यावर या काय बोलतील, बाईंच्या मनात आलं. बायकांनी ज्यांना नकाराचा हार घातला, त्यांचं मनगट काही वेगळंच सांगत नसेल ना? पण ते विचारायचं नव्हतं. रिकाम्या डब्यात आपल्या मनातलं भरायचं नाही, एवढं तरी आजच्या दिवसाने शिकवलं होतं.

त्यांनी मान वर केली, तेव्हा शिवकुमार फळीवरची एक कोरी वही मागून घेत होता. त्याने पट्टी घेऊन पानावर उभ्या रेघा मारल्या. दोन नव्हे, तीन रकाने. पहिल्यावर ‘हो’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘नाही’. तिसऱ्यावर जरा थांबून लिहिलं, ‘अजून बोलल्या नाहीत’, आणि त्या रकान्यात पहिलंच नाव शिवबाईअक्कांचं टाकलं. पुढे कंसात, अमावास्येनंतर.

चुलीसमोरच्या शब्दाची कुणी आठवण काढली नव्हती. धनलक्ष्मीही विसरली होती. ती केटररला शेंगाचटणीची पाककृती सांगायची नक्कल करत होती आणि बायका हसून लोळत होत्या. शिवकुमारने वही काखेत मारली आणि कुणाच्या नजरेत न येता दाराकडे गेला. बाहेर उन्हं कलली होती, तरी फरशी तापलेलीच होती. पायरीपाशी त्याचे पांढरे बूट दुपारी ठेवले तसे जोडीने उभे होते. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बाजूने पाऊल टाकलं आणि पेठेच्या पहिल्या घराकडे चालू लागला.

भुवनेश्वरीबाईंनी ते पाहिलं. त्यांनी हाक मारली नाही.